जुन्या बांधकामाचे अवशेष

हा किस्सा आर्किटेक्ट नितीन हिलम आता स्वतःच सांगतो, आणि सांगताना स्वतःला 'साहेब' म्हणतो. 'मग साहेब गाडीतून उतरले', 'मग साहेबांनी गॉगल लावला', असं. तो सांगतो तसाच सांगायचा, तर सुरुवात कमानींपासून करावी लागेल.

साहेब कातकरी वाडीतले. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या कातकऱ्यांमधले पहिले आर्किटेक्ट, असं त्यांच्या सत्काराच्या बॅनरवर छापलं होतं. खोटं म्हणायला कोणी पुढे आलं नाही, म्हणून ते खरं धरायचं. शिक्षण शेणव्याकडच्या आश्रमशाळेत, मग मुंबईत कॉलेज आणि हॉस्टेल. परत आले तेव्हा डोक्यात रुंद रस्ते होते, झाडांची सावली असलेले फुटपाथ होते, मोठ्या खिडक्यांची ग्रंथालयं होती. शहापुरात ऑफिस थाटलं आणि पहिलं काम मिळालं ते एका गावाच्या स्वागत कमानीचं. दुसरं मिळालं, तेही कमानीचं. पाच वर्षांत साहेबांनी दोन तालुके मिळून एकोणीस कमानी उभ्या केल्या. मुरबाडच्या बाजूला एक कमान तर अशी आहे, की तिच्यातून आत शिरल्यावर गाव यायला वीस मिनिटं चालावं लागतं आणि वाटेत दोनदा वाटतं, आपण चुकलो. पण प्रत्येक कमानीवर कुणा ना कुणाच्या दिवंगत वडिलांचं नाव होतं, त्यामुळे मुलं खूश होती. पुढारी मंडळींत साहेबांची ऊठबस सुरू झाली.

कमानींनंतर आली संकल्पचित्रं. बांधलेलं काहीच नसतं, पण बांधल्यावर कसं दिसेल याचं कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र फ्लेक्सवर छापून नाक्यावर लावायचं. यात साहेबांचा हात कोणी धरला नसता. चित्रात सोडायला तयार माणसं कॉम्प्युटरमध्येच मिळतात, आणि ती सगळी परदेशी असतात. त्यामुळे एका नियोजित भाजी मंडईत ओव्हरकोट घातलेली सोनेरी केसांची बाई बाबागाडी ढकलत होती, आणि एका नियोजित स्मशानभूमीत तरुण जोडपं आइस्क्रीम खात चाललं होतं. तक्रार कोणाचीच नव्हती. उलट लोक फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढायचे.

मग शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या आंबेकुंडची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. प्रभाग सहा अनुसूचित जमातीला राखीव निघाला. साहेबांचं राहणं वाशिंदच्या फ्लॅटमध्ये, पण मतदार यादीत नाव आंबेकुंडचं होतं. पक्षाला जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र दोन्ही हाताशी असलेला उमेदवार तीन दिवसांत हवा होता. साहेबांची समजूत अशी, की पक्षाने त्यांची दूरदृष्टी ओळखली. ही समजूत त्यांनी पहिल्याच सभेत जाहीर बोलून दाखवली, तेव्हा स्टेजवरच्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. साहेबांना वाटलं, भारावले.

निवडून आले आणि शहराचा विकास आराखडा तयार करायचं निघालं. पुढच्या वीस वर्षांत रस्ता कुठे, शाळा कुठे, बाग कुठे, हे नकाशावर रंगवून ठेवायचं. नगरपंचायतीत नकाशा सुलटा धरता येणारा नगरसेवक एकच, म्हणून साहेब नियोजन समितीत गेले. नगराध्यक्ष दामिनीताईंची एकच इच्छा होती, सासऱ्यांच्या नावाचं उद्यान. त्यासाठी ओढ्यापलीकडची सरकारी गायरान जमीन नजरेत होती, आणि तिथली स्थळपाहणी करून अहवाल द्यायचं काम साहेबांकडे आलं.

साहेब जानेवारीत गेले, ठेकेदाराच्या गाडीतून, बंधाऱ्याच्या बाजूच्या नव्या कच्च्या रस्त्याने. उतरून गॉगल लावला. गवत जळालेलं, जमीन काळी. मध्ये मध्ये मातीचे ओटे, कुठे कूड मोडून पडलेला, कुठे नुसते दगड. साहेब दहा मिनिटं फिरले, एका दगडावर पाय ठेवून, दूर क्षितिजाकडे हात करून फोटो काढून घेतला, आणि ऑफिसात येऊन अहवालात लिहिलं: 'जागा मोकळी असून ठिकठिकाणी जुन्या बांधकामाचे अवशेष आढळतात.' अवशेष हा शब्द लिहिल्यावर त्यांना फार बरं वाटलं. खाली सही केली.

मार्चअखेर आराखडा प्रसिद्ध झाला. हरकती आणि सूचना द्यायला तीस दिवस. गायरानावर हिरवा रंग आणि बाणाने लिहिलेलं: 'उद्यान, संगीत कारंज्यासह'. नाक्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला. एका बाजूला संकल्पचित्र, दुसऱ्या बाजूला जानेवारीतला तो फोटो, खाली नाव. साहेबांनी रविवारी आईला गाडीत घातलं आणि वाशिंदहून मुद्दाम फ्लेक्स दाखवायला आणलं.

आई म्हणजे गोदी. यमाजी, म्हणजे साहेबांचे वडील, गेले तेव्हा पोरगा आश्रमशाळेत होता. गोदी मग आपल्या बहिणीच्या, लहानीच्या वाडीत झोपडं बांधून राहिली. तिथूनच पुढे साहेबांनी तिला वाशिंदला नेलं. फ्लॅटमध्ये तिचा जीव रमत नाही. दर पावसाळ्यात ती पंधरा दिवस लहानीकडे जाते. साहेब तिला सोडतात, पण डांबरी रस्त्यावर. गाडी खाली लागते म्हणून वाडीपर्यंत नेत नाहीत.

गोदी फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. साहेबांना वाटलं, आईचा ऊर भरून आला.

"ह्या बाया कोनाच्या रे?" तिने विचारलं. चित्रातल्या कारंज्याजवळ दोन गोऱ्या बायका कुत्रा फिरवत होत्या.

"त्या अशाच असतात, आये. शोभेला."

"आनि हा तू?"

"मीच."

गोदी फ्लेक्सच्या जवळ गेली. साहेबांच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. बोट नेऊन ठेवलं ते त्यांच्या बुटावर.

"पाय कशावर ठेवलास?"

"दगड आहेत गो. पडीक जागा आहे."

"तीन हायत," गोदी म्हणाली. "पालथे घातलेत. हा मधला जात्याचा तुकडा. मीच दिलेला लहानीला. नित्या, चुलीवर पाय देऊन उभा रायलास तू?"

इथे तो स्वतःला साहेब म्हणायचं विसरतो.

दिवाळी झाली की वाडी वीटभट्ट्यांवर जाते. मुरबाड, कल्याण, जिथे मुकादम नेईल तिथे. जाताना छपराचं प्लास्टिक, वासे, भांडी, कोंबड्या, सगळं सोबत जातं, कारण भट्टीवर त्याच वाशांचं झोपडं उभं करायचं असतं. मागे ओटा राहतो आणि चुलीचे तीन दगड. ते जाताना पालथे घालायचे. म्हणजे घर मोडलेलं नाही, परत येणार, दुसऱ्या कोणी इथे जाळ करू नये. मे महिन्यात परत आलं की आधी दगड सुलटे करायचे, मग बाकी सगळं. शाळेत घालायच्या आधी नितीनही दर वर्षी आईबापाबरोबर भट्टीवर जायचा, आणि तिसरा दगड पालथा घालायचं काम यमाजी त्याला द्यायचा. दगड जड असायचा. यमाजी खालून बोट लावायचा आणि म्हणायचा, तूच उचललास.

लहानीची ही कुंभ्याची वाडी नितीनने पाहिली होती ती सुट्टीत, छपरं चढलेली, माणसांनी भरलेली, आणि डांबरी रस्त्याच्या बाजूने. प्रभाग सातमधली म्हणून प्रचारालाही गेला नव्हता. ही सगळी कारणं त्याने त्या नाक्यावर आईला भराभरा सांगितली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुला वाडी वळखता आली नाय," आणि गाडीत जाऊन बसली. नितीनला लाज वाटली.

आता एखाद्या सरळ माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन चूक कबूल केली असती. साहेब आर्किटेक्ट. त्यांनी आधी पळवाटा शोधल्या.

पहिल्यांदा ते मुख्याधिकारी सुयोग देसले यांच्याकडे गेले आणि म्हणाले, नकाशात छपाईची चूक दिसते. देसले तरुण, नियमाला धरून चालणारे. त्यांनी शांतपणे फाइल उघडून अहवाल समोर ठेवला. "सही तुमची आहे, साहेब. आणि 'अवशेष' हा शब्द आमच्या ऑफिसात दुसरं कोणी वापरत नाही." मग म्हणाले, "तीस तारखेच्या आत हरकत आली तर सुनावणी होईल. नाहीतर तिथे बागच. बागेच्या जागेत घरकुलही मिळत नाही आणि वीज मीटरही."

मग ते दामिनीताईंकडे गेले. ताईंनी चहा मागवला. "हिलम साहेब, लोकांची हरकत आली तर बघू ना. आपण होऊन कशाला खाजवून खरूज काढायची? आनि दिवाळीनंतर उपनगराध्यक्ष बदलायचाय, तुमचं नाव मी वर सांगितलंय." साहेब चहा पिऊन बाहेर आले तेव्हा त्यांना एकाच वेळी वाडीची काळजी वाटत होती आणि उपनगराध्यक्षाच्या केबिनला कोणता पडदा शोभेल हेही मनात येत होतं. स्वतःबद्दलची ही माहिती ते कोणापासून लपवत नाहीत.

तोडगा सुचला. हरकत लोकांचीच घ्यायची. मजकूर आपण टाइप करायचा, अंगठे त्यांचे. वाडी वाचेल, ताई दुखावणार नाहीत, अहवालावरची सहीही झाकली जाईल. साहेबांनी हरकतीच्या तीस प्रती काढल्या. घरं नेमकी किती ते माहीत नव्हतं, म्हणून अंदाजाने तीस. शाईचं पॅड घेतलं आणि मुरबाडच्या पुढच्या भट्टीवर गेले. वाडीतली बरीचशी माणसं यंदा तिथेच होती.

लहानी चिखलाचा गोळा साच्यात दाबून विटा थापत होती. भाच्याला बघून तिने हात झटकले.

"नित्या? गाडी हितवर आली तुझी? वाडीत येत नाय ती."

साहेबांनी ते गिळलं आणि सगळं समजावून सांगितलं. आराखडा, हिरवा रंग, तीस तारीख. लहानी उकिडवी बसून ऐकत होती. आजूबाजूच्या बायकाही साचे खाली ठेवून जवळ आल्या.

"मंग कागद कोनाला द्यायचा?" लहानीने विचारलं.

"नगरपंचायतीला."

"तिथं कोन बसतो?"

"समिती आहे. ताई आहेत, देसले साहेब आहेत... मी आहे."

"आनि आमची वाडी नाय म्हून कोनी लिवलं?"

साहेबांनी शाईचं पॅड या हातातून त्या हातात घेतलं.

"म्हनजे तू लिवलंस," लहानी सावकाश म्हणाली, "आनि आता तुझी तक्रार तुझ्याकडंच, तूच आनलेल्या कागदावर, आमी करायची? आमी तर हितं चिखलात हाव. आमच्या हाताला शाई कशाला लावतोस? तुझ्या हातात पेन हाय. ज्यानं लिवलं त्यानं खोडावं."

बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो सांगतो. लहानी उठली, परत साच्याशी गेली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "जेवून जा रे." त्याने वाटीभर सुक्या मासळीचं कालवण आणि भाकरी खाल्ली, आणि बिनअंगठ्याच्या तीसही प्रती घेऊन परत आला.

एकोणतीस तारखेला नितीन हिलमने नितीन हिलमच्या अहवालाविरुद्ध हरकत दाखल केली. आवक लिपिकाने नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "साहेब, हे तुमचंच ना?"

सुनावणी मेच्या पहिल्या आठवड्यात होती. गोदी म्हणाली, मी येनार. तिला बाहेर बाकावर बसवून नितीन आत समितीत जाऊन बसला. चाळीस हरकती झाल्या. एकेचाळिसाव्याला देसले म्हणाले, "हरकतदार समितीत बसू शकत नाहीत. आपण बाहेर जावं, पुकारा झाल्यावर आत यावं." साहेब उठले, दाराबाहेर जाऊन उभे राहिले. शिपायाने त्यांच्याकडे बघतच तीनदा पुकारा केला, "नितीन यमाजी हिलम हाजिर हो!" साहेब आत आले. मघाशी ज्या खुर्चीत बसले होते ती रिकामीच होती, पण आता तिच्यासमोर उभं राहायचं होतं.

दामिनीताईंनी चष्मा लावला. "पाहणी अहवालावर सही कोनाची?"

"माझी."

"त्यात लिवलंय, जागा मोकळी."

"ते बरोबर नाही. तिथे वाडी आहे. माणसं भट्टीवर गेली होती."

"मंग तेव्हा चुकलात, का आता खोटं बोलताय?"

नितीनने उत्तर पाठ करून आणलं होतं. त्यात 'हंगामी स्थलांतर' असे शब्द होते. ते त्याला आठवेनात. "मी बघितलंच नाही, ताई," तो म्हणाला. "फोटो काढायला गेलो होतो. माझी आई राहायची तिथे. मला ओळखता आलं नाही."

दामिनीताई कागदावर रेघोट्या ओढत राहिल्या. "सासऱ्यांचं नाव मी माणसांच्या चुलींवर लावनार नाय," त्या शेवटी म्हणाल्या, "पन हिलम साहेब, समितीचा राजीनामा आत्ता लिहून द्या. तुमच्या सहीवर यापुढे मी भरवसा कसा ठेवायचा?" उपनगराध्यक्षपदाचा विषय त्यांनी काढला नाही आणि नितीनने विचारला नाही. राजीनामा दोन ओळींत झाला. इतकं नेमकं लिखाण साहेबांच्या हातून पहिल्यांदाच झालं होतं.

देसल्यांनी नकाशा टेबलावर पसरला. "वाडी वगळायची तर नकाशावर घरं दाखवावी लागतील. मोजणी नंतर होईल, आज नुसत्या खुणा करा. हरकतदारांनीच कराव्यात." त्यांनी पेन्सिल पुढे केली.

नितीनने पेन्सिल घेतली. ओढा ओळखता आला, बंधारा ओळखता आला. आत कुठे काय, ते काही ओळखता येईना. एकोणीस कमानींचा आणि अगणित संकल्पचित्रांचा आर्किटेक्ट हिरव्या रंगावर पेन्सिल टेकवून नुसता उभा राहिला.

"माझ्या आईला बोलवू?" त्याने विचारलं.

गोदी आत आली. तिला नकाशा कळत नव्हता. "कुंभ्याचं झाड कुठं?" तिने विचारलं. नितीनने अंदाजाने एक गोल काढला. "नाय, वड्याच्या जवल." त्याने खोडून पुन्हा काढला. मग तिने डोळे मिटले आणि सांगायला लागली.

"झाडाखाली लहानी. दार उगवतीला. तिच्या पलीकडं अंजू, रांडमुंड हाय, दोन पोरी. मंग बुधू. बुधूच्या मागं त्याचा भाऊ, पन दोघांत बोलचाल नाय, म्हून मधी वाट सोड." नितीन चौकोन काढत गेला. "जिवलीचं जरा उंचावर, पानी शिरतं म्हून. तिथं सुकऱ्या. तिथं जयश्रीची सासू, तिला दिसत नाय, तिचं घर रस्त्याला लागून पायजे." ती वाडीतून चालत होती तशी सांगत होती, मध्येच थांबून मागे वळत होती. टेबलाभोवती सगळे वाकले होते. दामिनीताईंनी एकदा विचारलं, "पाणी कुठून आणतात?" तेव्हा गोदीने डोळे न उघडता हात ओढ्याकडे केला. एका घराचं दार नितीनने मावळतीला दाखवलं, तर तिने कुठून ते ओळखलं देव जाणे, म्हणाली, "नाय, तिकडून वारा येतो."

तेवीस झाली. गोदीने डोळे उघडले. "एवढीच," ती म्हणाली.

नितीनचं मन भरून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा आपण माणसांसाठी काही काढलं, असं त्याला वाटत होतं, आणि असं वाटलं की साहेबांना थोडं पुढेच जावंसं वाटतं. लहानीच्या घराशेजारी जागा दिसत होती. तिथे त्याने हलक्या हाताने चोविसावा चौकोन काढला.

"हे कोनाचं?" गोदीने विचारलं.

"आपलं. आपण राहायचो ना, आये."

"तिथं बकऱ्या बांधतात आता. आपलं घर वाशिंदला हाय."

"असू दे गो. एक चौकोन तर आहे."

"नित्या," गोदी म्हणाली, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, "पयल्यांदा हाय ते नाय म्हून लिवलंस. आता नाय ते हाय म्हून लिवतोस. खोड."

देसल्यांनी खोडरबर पुढे सरकवलं. नितीनने ते घर खोडलं. कागदावर त्याची पुसट रेघ राहिली. गोदीने ती वाकून बघितली, खोडरबर त्याच्या हातातून घेतलं आणि पार दिसेनाशी होईपर्यंत स्वतः घासली. मग नकाशा त्याच्याकडे सरकवला.

"आता कर सही," ती म्हणाली.